कृष्णविवर लुकलुकतं कशानं? हैदराबादच्या फुग्यांपासून अ‍ॅस्ट्रोसॅटपर्यंतची गोष्ट



या भागाच्या सुरुवातीला पाण्याचा आवाज आहे. जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांनी तो मनातच आणावा. आपल्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की, पावसाळ्यातली दुपार. शहराबाहेरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून इथपर्यंत आणलं, उंचावरून खाली सोडलं आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर जातं फिरवलं. अठराव्या शतकातलं काम आहे हे. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी इथं पीठ दळलं जायचं.

आता विषय कृष्णविवराचा आणि हा पाणचक्कीवर काय करतोय, असं वाटलं असेल. सांगतो. कृष्णविवर स्वतः काळं असतं, पण त्याच्या शेजारी भयंकर उजेड असू शकतो, आणि तो उजेड तयार होतो पाणचक्कीच्याच हिशोबानं. वरून काहीतरी खाली पडतं, पडताना त्याला जोर येतो, तो जोर कुठंतरी कामी येतो. इथं जातं फिरतं, तिथं वायू तापतो. शेजारच्या ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही. तो गोल फिरत फिरत, चकतीसारखा पसरून, हळूहळू आत सरकतो. थरावर थर घासतात, चकती तापते. आतल्या कडेला तापमान एक कोटी अंशांच्या घरात जातं. इतकी तापलेली वस्तू साधा उजेड कमी आणि क्ष-किरण जास्त फेकते. सूर्यात हायड्रोजन जळतो तेव्हा वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो. इथं नुसतं पडण्यातून निदान ५-६ टक्के मिळतात, आणि कृष्णविवर जोरात फिरत असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

बरं, आता खरा प्रश्न. पाणचक्कीचा वेग कमी-जास्त झाला तर कारण कुठं शोधायचं? जात्यात, नळात, की वर डोंगरात? आजची गोष्ट या एका प्रश्नाची आहे. कृष्णविवराजवळचे क्ष-किरण कधीच स्थिर नसतात. सेकंदाच्या हजाराव्या भागापासून ते वीस-पंचवीस वर्षांपर्यंत, सगळ्या मापांत ते कमी-जास्त होत राहतात. का? आणि हे शोधण्यात मुंबई, हैदराबाद आणि पुण्याचा काय संबंध?

थोडं मागे जाऊ. आकाशातून येणारे क्ष-किरण आपल्या हवेत शोषले जातात, जमिनीवर पोचतच नाहीत. (बरं आहे, नाहीतर आपण जन्मलोच नसतो.) ते बघायचे तर वर जावं लागतं. जून १९६२ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतून एक छोटं रॉकेट सोडलं गेलं. रिकार्दो जिआकोनी आणि सहकाऱ्यांना चंद्रावरून क्ष-किरण येतात का ते बघायचं होतं. चंद्र राहिला बाजूला, वृश्चिक राशीत एक झगझगीत स्रोत सापडला. जिआकोनींना पुढं २००२ चं नोबेल मिळालं. १९६४ मध्ये अशाच रॉकेटनं हंस तारकासमूहात एक स्रोत दाखवला, तोच सिग्नस एक्स-१.

पण रॉकेट वर राहतं पाच-दहा मिनिटं. तेवढ्यात काय कळणार? १२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्याजवळून क्ष-किरणांसाठीचा पहिला उपग्रह उडाला. तो दिवस केनियाचा स्वातंत्र्यदिन, म्हणून उपग्रहाचं नाव उहुरू, स्वाहिलीत स्वातंत्र्य. उहुरूनं सिग्नस एक्स-१ कडे टक लावून बघितलं तेव्हा दिसलं की त्याची चमक सेकंदापेक्षा कमी वेळात उड्या मारते.

हे महत्त्वाचं का? इथं एक युक्ती आहे, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इतक्या लांबच्या गोष्टीचा फोटो काढला तर तो एक ठिपकाच येणार. मग तिचा आकार कसा मोजायचा? वेळेनं. प्रकाश एका मिलिसेकंदात ३०० किलोमीटर जातो. समजा एखादी वस्तू मिलिसेकंदात उजळते आणि मंदावते. ती ३०० किलोमीटरपेक्षा फार मोठी असूच शकत नाही, कारण तिच्या एका टोकाला काय झालं हे दुसऱ्या टोकाला तेवढ्यात कळणारच नाही. ३०० किलोमीटर म्हणजे इथून मुंबईसुद्धा नाही. एवढ्याशा जागेतून सूर्याच्या हजारो पट ऊर्जा बाहेर पडतेय! पुढं दुर्बिणींतून दिसलं की तिथं एक निळा महाकाय तारा ५.६ दिवसांत कुणातरी न दिसणाऱ्याभोवती फिरतोय. त्या न दिसणाऱ्याचं वस्तुमान आजच्या मापानं सुमारे २१ सूर्यांइतकं आहे. म्हणजे हे लुकलुकणं हाच कृष्णविवराचा पत्ता सांगणारा पहिला सुगावा ठरला.

आता आपल्याकडे या.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर. होमी भाभांची. तिथं विश्वकिरण मोजण्यासाठी मोठे प्लास्टिकचे फुगे बनवायचं कसब आधीपासून होतं. बी. व्ही. श्रीकंतन यांच्या गटानं १९६० च्या दशकाच्या शेवटी तेच फुगे क्ष-किरणांसाठी वापरायला घेतले. फुगे उडायचे हैदराबादहून. कारण तो भाग चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे, तिथं वरून येणाऱ्या विश्वकिरणांचा त्रास कमी. फुगा ३५-४० किलोमीटर वर जायचा, काही तास आकाश बघायचा, आणि मग यंत्रं पॅराशूटनं खाली. खाली म्हणजे कुठं? वारा नेईल तिथं. आजही टीआयएफआरची फुग्याची मोहीम निघाली की वर्तमानपत्रात सूचना येते: अमुक जिल्ह्यांत रंगीत पॅराशूटला बांधलेली पेटी पडलेली दिसली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. त्या यादीत आपल्या मराठवाड्याचे जिल्हे असतात. खगोलशास्त्र म्हटलं की डोळ्यांसमोर हिमालयातली वेधशाळा येते. इथं मात्र ते कुणाच्या तरी तुरीच्या शेतात उतरायची शक्यता असते!

१९ एप्रिल १९७५ ला आर्यभट उडाला, भारताचा पहिला उपग्रह. त्याच्यावर क्ष-किरणांचा प्रयोग होता, हे शाळेत कुणी सांगत नाही. सिग्नस एक्स-१ ची थोडी निरीक्षणं झाली आणि चार-पाच दिवसांत वीजपुरवठ्यात बिघाड होऊन प्रयोग बंद पडले.

आता थेट १९९२ वर उडी मारतो. १५ ऑगस्ट. (आपला स्वातंत्र्यदिन. या गोष्टीत स्वातंत्र्यदिन फार येतात.) रशियाच्या ग्रानात उपग्रहावरच्या एका यंत्राला गरुड तारकासमूहात नवा क्ष-किरण स्रोत दिसला. नाव ठेवलं जीआरएस १९१५+१०५. हे मोबाईल नंबरासारखं वाटतं, पण हा पत्ता आहे. १९१५ म्हणजे आकाशातले १९ तास १५ मिनिटं, आणि १०५ म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला १०.५ अंश. साधारण १२ सूर्यांचं कृष्णविवर, सुमारे २८ हजार प्रकाशवर्षांवर. साध्या दुर्बिणीतून ते दिसत नाही, मधे आकाशगंगेची धूळ आहे. क्ष-किरण मात्र धुळीतून आरपार येतात.

आणि हे कृष्णविवर विचित्र निघालं. कधी शांत, कधी फडफड, कधी पाच मिनिटं गप्प राहून एकदम उसळी. २००० साली इटलीचे तोमासो बेलोनी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चमकेच्या आलेखांचे १२ प्रकार पाडले आणि त्यांना ग्रीक अक्षरं दिली. त्यातला 'ऱ्हो' हा प्रकार बघितला की दवाखान्यातला ईसीजीच आठवतो. ठराविक वेळानं टोक, टोक, टोक. त्याला नावच पडलं हृदयाचे ठोके.

या ठोक्यांच्या गोष्टीत आपले लोक सुरुवातीपासून होते. कसे ते ऐका, मला हा भाग सगळ्यात आवडतो.

२१ मार्च १९९६ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीनं आयआरएस-पी३ हा उपग्रह वर नेला. त्याचं मुख्य काम जमीन आणि समुद्र बघणं. पण त्याच्यावर थोडी जागा क्ष-किरण खगोलशास्त्राला मिळाली. टीआयएफआरनं तीन डिटेक्टर दिले आणि इस्रोच्या बंगळूरच्या केंद्रानं आकाशावर पाळत ठेवणारं एक यंत्र. म्हणजे भाडेकरूच म्हणा. उपग्रह ध्रुवांवरून फिरणारा, आणि क्ष-किरणांसाठी ती कक्षा वाईट. ध्रुवांकडे विद्युतभारित कणांचा इतका मारा असतो की डिटेक्टर बंदच ठेवावे लागतात. त्यामुळे प्रत्येक फेरीत थोडी मिनिटंच कामाची. त्यात पृथ्वीकडे तोंड करून बसलेल्या उपग्रहाला ताऱ्याकडे वळवायचं तर काही दिवस त्याचं नेहमीचं काम थांबवायचं. त्याच सुमारास अमेरिकेचा आरएक्सटीई हा खास क्ष-किरणांसाठीचा उपग्रह वर होता. त्याचे डिटेक्टर आपल्यापेक्षा पाचपट मोठे.

तरीही जुलै १९९६ मध्ये पी. सी. अगरवाल यांच्या गटाला जीआरएस १९१५+१०५ मध्ये सेकंदाला एकाहून थोडी कमी अशी जवळजवळ नियमित थरथर दिसली. आणि जून १९९७ मध्ये साधारण ४५ सेकंदांनी येणारे ठोके मिळाले. ठोक्याचा आकार बघा: चमक हळूहळू चढते, शेवटी वेगानं चढते, आणि मग धाडकन खाली. चढण सावकाश, उतार कड्यासारखा. देवगिरीवर चढून पलीकडून पडल्यासारखं.

त्यांनी याचा अर्थ काय लावला? समजा मध्ये न्यूट्रॉन तारा असता. त्याला टणक पृष्ठभाग असतो. आत पडलेला वायू त्यावर आपटला असता आणि आपटताना आणखी उजेड पडला असता. इथं चमक एकदम गेली. म्हणजे वायूला आपटायला काही मिळालंच नाही. तो घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिथून परत येता येत नाही त्या सीमेच्या आत गडप झाला. १९९८ मध्ये अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्समध्ये हा शोधनिबंध आला, शीर्षकातच 'संभाव्य पुरावा' असा शब्दप्रयोग करून. 'संभाव्य' हा शब्द विसरू नका. त्या शब्दात शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा आहे आणि थोडी धडधडही.

मग तो पुरावा टिकला का? माझं मत सांगतो: पुरावा म्हणून तो पुरेसा नव्हता, कारण चमक एकदम पडायला दुसरंही कारण असू शकतं. ते कारण कागदावर आधीच होतं. १९७४ मध्ये लाइटमन आणि अर्डली यांनी दाखवलं होतं की चकतीच्या आतल्या भागात वायूच्या दाबापेक्षा प्रकाशाचा दाब जास्त झाला की चकती स्थिर राहत नाही. यासाठी पाणचक्की सोडून स्वयंपाकघरात चला. गॅसवर दूध आहे. बराच वेळ काही होत नाही, मग साय फुगायला लागते, आणि तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप बघेपर्यंत उतू जातं. उतू गेलं की खाली बसतं. चकतीचा आतला भाग तसाच: तापतो, फुगतो, वायू भराभर आत ओततो, रिकामा होतो, चमक पडते. बाहेरून पुन्हा वायू येतो, पुन्हा भरतो. बेलोनींच्या गटानं १९९७ मध्ये आरएक्सटीईच्या निरीक्षणांवरून नेमकं हेच मांडलं: आतला भाग रिकामा होणं आणि पुन्हा भरणं. पुढं २०११ मध्ये हेही दिसलं की ठोक्याच्या शिखरावर सगळा वायू आत जात नाही, काही वाऱ्यासारखा बाहेर उडतो. थोडक्यात, दूध शेगडीवरही सांडतं.

पण गणित सुटलं असं समजू नका. हे कारण खरं असेल तर इतक्याच तेजस्वी सगळ्या कृष्णविवरांनी ठोके द्यायला हवेत. देतात कोण? जीआरएस १९१५+१०५, आणि आयजीआर जे१७०९१-३६२४ नावाचं आणखी एक. बाकीचे का देत नाहीत, यावर आजही वाद आहेत.

आता सिग्नस एक्स-१ कडे परत. त्याला ठोके नाहीत. त्याची चमक गर्दीच्या आवाजासारखी आहे, कुठलाच ताल नाही. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की चकतीवर सुटे-सुटे स्फोट होत असतील, फटाक्यांच्या माळेसारखे. १९९७ मध्ये युरी ल्युबार्स्की यांनी वेगळं चित्र मांडलं, आणि इथं आपण पाणचक्कीवर परत येतो. वर डोंगरात पाणी थोडं कमी-जास्त झालं, ते खाली येतं. वाटेत नळात आणखी थोडं कमी-जास्त होतं. जात्याशी पोचेपर्यंत हे सगळे चढउतार एकमेकांवर चढलेले असतात. चकतीचंही तसंच. बाहेरचे चढउतार सावकाश, आतले भराभर, आणि उजेड मुख्यतः अगदी आत पडतो. त्यामुळे आतला उजेड बाहेरच्या सगळ्या भानगडींचा हिशोब एकदम दाखवतो.

यात एक बारकावा आहे. हे चढउतार बेरजेनं नाही, गुणाकारानं जमतात. मग अंदाज असा निघतो की स्रोत सरासरी जास्त चमकत असेल तेव्हा त्याची फडफडही जास्त हवी. २००१ मध्ये अटली आणि मॅकहार्डी यांनी मोजून दाखवलं की तसंच आहे. सुट्या फटाक्यांचं चित्र त्यानंतर मागे पडलं.

दुसरा अंदाज: लाट बाहेरून आत येत असेल तर बाहेरच्या भागातून येणारे कमी ऊर्जेचे क्ष-किरण आधी बदलायला हवेत, आतल्या भागातले जास्त ऊर्जेचे थोडे नंतर. हा उशीर मोजायला मोठा डिटेक्टर आणि बारीक घड्याळ लागतं. ते २८ सप्टेंबर २०१५ ला वर गेलं. अ‍ॅस्ट्रोसॅट! या वेळी भाडेकरू नाही, स्वतःचं घर. विषुववृत्ताजवळची ६५० किलोमीटरवरची कक्षा, ध्रुवांचा त्रासच नाही. त्यावरचा लॅक्सपीसी टीआयएफआरमध्ये बनला: झेनॉन वायूनं भरलेले तीन मोठे डिटेक्टर. प्रत्येक क्ष-किरण कधी आला हे १० मायक्रोसेकंदांपर्यंत टिपणारे, आणि ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत बघणारे. पुण्याच्या आयुकाचे रंजीव मिश्रा, टीआयएफआरचे जे. एस. यादव आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सिग्नस एक्स-१ चा हा उशीर वेगवेगळ्या ऊर्जांना मोजून प्रसिद्ध केला. जास्त ऊर्जेचे उशिराच येतात.

आयुका म्हणजे १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात उभी केलेली संस्था, हे तुम्हाला माहीतच असेल. त्याच मिश्रांनी दिव्या रावत, यादव आणि पंकज जैन यांच्याबरोबर २०२० मध्ये जीआरएस १९१५+१०५ च्या थरथरीचं एक कारण मांडलं. ही थरथर सेकंदाला काही वेळा होणारी. त्यांनी त्याच वेळी चकतीची आतली कड कुठं आहे आणि किती वायू आत येतोय हेही मोजलं. आणि थरथरीचा वेग जुळला तो आतल्या कडेपासून ध्वनिलहर आत पोचायला लागणाऱ्या वेळाशी, आइन्स्टाइनच्या सापेक्षतेची दुरुस्ती लावून. त्याच थरथरीचं दुसरं स्पष्टीकरण मानणारे बरेच आहेत. ते म्हणतात की फिरणारं कृष्णविवर आतला वायू भोवऱ्यासारखा डुलवतं. म्हणजे हाही वाद मिटलेला नाही.

उरलेली कारणं पटकन सांगतो. काही कृष्णविवरं वर्षानुवर्षं गप्प असतात आणि मग पेटतात. व्ही४०४ सिग्नी १९८९ मध्ये पेटलं आणि एकदम २०१५ च्या जूनमध्ये. तिथं बाहेरची चकती थंड असताना वायू पुढं सरकत नाही, नुसता साचतो. साचता साचता तापला, हायड्रोजनचे अणू फुटले, की वाट मोकळी होते आणि सगळं एकदम सुटतं. टाकी भरत राहते, नळाला आठवडाभर काही नाही, आणि मग एक दिवस पाणी येतं. आपल्या शहरात हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

आणि आकार वाढला की काळ वाढतो. १२ सूर्यांच्या जागी १२ कोटी सूर्यांचं कृष्णविवर घ्या, दीर्घिकांच्या मध्ये असतात तसं. सगळं एक कोटी पटीनं लांबतं. ४५ सेकंदांचा एक ठोका साधारण १४ वर्षांचा होतो. एक पीएचडी, एक लग्न, दोन मुलं, आणि अजून दुसरा ठोका यायचाय.

जीआरएस १९१५+१०५ चं पुढं काय झालं? १९९२ पासून सव्वीस वर्षं ते सतत तेजस्वी होतं. २०१८ च्या जुलैपासून मंदावत गेलं आणि २०१९ मध्ये तर फारच अंधुक झालं. आधी वाटलं, वायू संपला. पण मधूनच येणाऱ्या झळा बघून आता बऱ्याच जणांना वाटतं की आत सगळं चालूच आहे, फक्त समोर दाट वायूचा पडदा आलाय. म्हणजे चमक बदलण्याचं आणखी एक कारण, अगदी साधं: ढग.

अ‍ॅस्ट्रोसॅटची जुनी निरीक्षणं २०१८ पासून सगळ्यांसाठी खुली आहेत. इस्रोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा आणि उतरवून घ्या. फोनवर नाही जमणार, लॅपटॉप लागेल, आणि लिनक्सशी थोडी झटापट. आणि ज्यांना डोळ्यांनी काही बघायचंय त्यांनी सप्टेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास म्हैसमाळला जावं, शहराच्या दिव्यांपासून लांब. डोक्यावर, थोडा उत्तरेला हंस असेल. त्याच्या लांब मानेच्या मध्यावर जो तारा आहे त्याच्या अगदी शेजारी, छोट्या दुर्बिणीतून, नवव्या प्रतीचा एक ठिपका दिसतो. तो सिग्नस एक्स-१ चा जोडीदार. तो ज्याच्याभोवती फिरतोय ते दिसणार नाही.

पुढच्या भागात भेटू.